सांध्यावरचा डोंगर

घड्याळजी सकाळपासून करवतीकडे पाठ करून काम करत होता. करवत त्याच्या मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाची. तो पेशाने सुतार. संध्याकाळी दवाखान्याची गाडी बायकोला घेऊन येणार होती आणि त्याआधी दुकानामागची ही खोली रिकामी होऊन इथे खाट लागायला हवी होती. अर्धांगाच्या झटक्यानं तिची उजवी बाजू लुळी पडली होती. वर जायचा जिना शिडीसारखा उभा, तो आता तिला जमणार नव्हता. आणि खोलीत तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेल्वे पसरली होती.

रेल्वे म्हणजे खेळण्यातलीच, पण घड्याळजीसमोर तो शब्द काढायची सोय नव्हती. मोडक्या घड्याळांची चाकं लावून त्यानं सिग्नल वरखाली होतील असे केले होते. गल्ली त्याला स्टेशनमास्तर म्हणायची. तो वरवर चिडायचा आणि आतून फुलायचा.

सुरुवातीला तिघांनी मिळून उभारलेली ती रेल्वे. सुतारानं दोन मोठ्या फळ्या केल्या आणि खालून बोल्टनं जोडल्या. त्याचा एक नियम होता. दारातून जे आत जातं, ते दारातून बाहेरही यायला हवं. बोल्ट काढा, फळ्या सुट्या करा, आडव्या धरा आणि न्या. रूळ आणि वायरी घड्याळजीच्या. डोंगर बायकोचा. जाळीवर जुन्या चादरींच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून तिनं तो थापला, बोगदा ठेवला, स्पंजचे तुकडे रंगवून झाडं लावली. डोंगर दोन फळ्यांच्या सांध्याच्या अलीकडेच थांबवायचा, असं सुतारानं बजावलं होतं.

आणि एके दिवशी बघतात तो डोंगर सांध्यावरून पलीकडच्या फळीवर उतरलेला, वाळून दगड झालेला. आदल्या दिवशी सुतार मदतीला आला होता, म्हणजे त्याचाच उद्योग. घड्याळजीनं भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत त्याची खरडपट्टी काढली. स्वतःचाच नियम कळत नाही, असं काय काय बोलला. सुतार मूग गिळून बसला, मग उठला आणि गेला. त्यानंतर कित्येक वर्षं त्यानं या घराचा उंबरा ओलांडला नाही.

आज तो न बोलावता आला होता. खोलीत पाऊल टाकताच त्यानं सांगून टाकलं होतं, की माझ्याकडे खाट तयार आहे. ती येईपर्यंत इथे जागा झाली नाही तर गाडी तशीच माझ्या घरी जाईल. भावाच्या घरी गेलेली बहीण बरी झाल्यावर परत येईल, याची खात्री घड्याळजीला नव्हती. अलीकडे ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

रूळ निघाले, घरं निघाली, वायरींची भेंडोळी झाली. सुतारानं फळ्यांखाली शिरून बोल्टही काढले. उरला तो डोंगर, दोन्ही फळ्यांना मिठी मारून बसलेला.

"कापा, दाजी," सुतार म्हणाला.

घड्याळजी म्हणाला, अख्खा काढायचा. आठवडाभर तो त्याच नादात होता. डोंगराला खालून लाकडाचे टेकू दिले होते, दारातून अख्खा जाणार नाही म्हणून खिडकीची चौकट सैल करून ठेवली होती. त्यापायी दवाखान्यात एकदाच जाणं झालं, तेही उभ्या उभ्या. ज्या हातानं तो डोंगर केला तो हात आता पुन्हा काही करणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिच्या हातचं तेवढंच उरलं आहे, आणि ते मी मोडायचं? एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

दोघांनी फळ्या खिडकीकडे सरकवल्या. चौकट निघाली, पण डोंगर दांडग्या बैलासारखा भिंतीला अडला. तिरका केला, उलटा कोन दिला. प्लास्टरला करकर आवाज होत एक तडा गेला. घड्याळजी सुतारावर खेकसला, की हळू धरा, तुमच्यामुळेच ही वेळ आली आहे. सुताराचा चेहरा लाल झाला. त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

घड्याळजी धावत बाहेर गेला. मागच्या बाकावर बायको उशांना टेकून बसली होती, निम्मा चेहरा ओघळलेला. तो धापा टाकत सांगत सुटला, की जरा थांब, तुझा डोंगर वाचवतोय, दादानं तेव्हा सांधा बुजवला नसता तर कधीच झालं असतं.

"दादानं नाही," ती म्हणाली. तिची जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "मी. रात्री. एकटीनं."

का, असं घड्याळजीनं विचारलं.

"फळ्यांमधली ती फट दिसली की वाटायचं, हे सगळं एक दिवस उचलायचंय. मला ते नको होतं. तुम्ही दादाला बोललात... माझी जीभ उचलली नाही. त्याला माहीत होतं."

त्यानं मागे पाहिलं. सुतार दारात उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. प्लास्टरवरचे बहिणीच्या बोटांचे ठसे त्यानं त्याच दिवशी ओळखले होते. बहिणीला बोलणी बसू नयेत म्हणून त्यानं इतकी वर्षं ती स्वतःवर घेतली होती. घड्याळजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता कापा," ती म्हणाली. "तुम्हीच. दादाला लावू नका. मी इथे बसते. वेळ लागला तर त्याच्याकडे जाते."

तो आत आला. करवत उचलली. सुतारानं न बोलता सांधा कुठे आहे ते पेन्सिलनं आखून दिलं आणि पलीकडून डोंगर घट्ट धरला. एकदा करवत चालवायला लागल्यावर घड्याळजी थांबला नाही. चादरींचे धागे करवतीत अडकत होते, पांढरी धूळ डोळ्यात, नाकात जात होती. बोगद्याची कमान मधोमध दुभंगली. तो रडत होता, पण डोळ्यांतलं पाणी धुळीमुळे आहे असं दाखवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. फळ्या सुट्या झाल्या, आडव्या झाल्या आणि दारातून सहज बाहेर पडल्या. खोली झाडून खाट लागली.

तो धुळीनं माखलेला गाडीपाशी आला. सुताराची माफी मागायची होती, तिची मागायची होती, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"खाट लावली. कापायला वेळ नाही लागला. ठरवायलाच आठवडा गेला."

"तो आठवडा," ती म्हणाली, "मी दवाखान्याच्या दाराकडे बघत होते."

त्यानं वाकून तिला उचलायला हात पुढे केले, तर ते कुठे घालायचे हेच त्याला कळेना. रोज दवाखान्यात जाऊन शिकलेल्या सुतारानं त्याचा एक हात तिच्या पाठीमागे नेला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि स्वतः बाजूला झाला. तिनं डावा हात त्याच्या गळ्यात टाकला. त्यानं उचललं. ती त्याला वाटली होती त्याहून कितीतरी हलकी होती, आणि उंबरा ओलांडताना त्याला त्या हलकेपणाचीच भीती वाटली.