अर्धा तास पुढे

कामशेतच्या उम्मेहानीच्या कारखान्यातलं घड्याळ कधीच खरं बोलत नसे. कारखाना म्हणजे तीन शिलाई मशिनं, एक कापायचं टेबल आणि मदतीला मानसी. पवनेकाठच्या कॅम्पवाल्यांची तंबूंची कामं इथे होत. ती वेळेवर व्हावीत म्हणून उम्मेहानीनं आधी घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. आठवड्यात दोघींना ते पाठ झालं. मग वीस केलं. तेही पाठ. आता ते अर्धा तास पुढे होतं, आणि त्याच्याकडे बघता बघता अर्धा तास वजा करण्यात दोघी इतक्या तरबेज झाल्या होत्या की शाळेतल्या गणिताच्या बाईंनी तोंडात बोट घातलं असतं.

मोबाइल मात्र आल्या आल्या पत्र्याच्या डब्यात बंद. वेळ कुरतडणारा खरा उंदीर तोच, हे उम्मेहानीला स्वतःवरूनच कळलं होतं.

त्या शनिवारी कॅम्पवाल्या नीलेशला अकरा वाजता बारा कव्हरं हवी होती, तंबूंवर घालायची. दुपारी त्याच्याकडे मोठा ग्रुप उतरणार होता, आणि डिसेंबरचं दव कव्हराशिवायच्या तंबूला सोडत नाही. याआधी दोनदा तिनं त्याला रखडवलं होतं. परवा तो हसत हसत म्हणाला, "भाभी, आता उशीर झाला ना, तर मी सरळ पिंपरीला जानार." हसत म्हटलेलं जास्त लागतं. त्याचं काम गेलं तर तिनातल्या दोन मशिनांवर चादर टाकायची वेळ येणार होती.

मानसी आली तेव्हा घड्याळात साडेसात. "बघा भाभी, सातला हजर!" ती स्वतःवरच खूश.

पण उम्मेहानीचा जीव थाऱ्यावर नव्हता. दोरा तुटला, ओवला, परत तुटला. चहा थंड झाला. शिवलेली कव्हरं तिनं चारदा मोजली आणि दर खेपेला ती तेवढीच निघाली.

"घड्याळाकडे बघून टाके वाढत नाहीत, भाभी."

"मग तू बोलून वाढव."

अकराला पाच कमी झाले. म्हणजे अजून पस्तीस मिनिटं. तिनं अकरावं कव्हर टेबलावर टाकून बारावं ओढलं, तोच बाहेर हॉर्न वाजला.

"आज हा लवकर कसा?"

"लवकर?" नीलेश दारात. "अकरा वाजल्यात."

"साडेदहा!" दोघी एकदमच म्हणाल्या.

नीलेशनं फोन पुढे धरला. अकरा. भिंतीवरही अकराच. पहिल्यांदाच फोनचं आणि घड्याळाचं एकमत झालं होतं.

तेवढ्यात उम्मेहानीचा नवरा मोईन रिक्षा लावून आत आला. सगळ्यांची तोंडं बघून म्हणाला, "काय झालं? काल सेल संपला होता, मी नवा टाकला. वेळही बरोबर लावून ठेवली. अर्धा तास चुकीचं चाललं होतं, तुमच्या दोघींच्या लक्षातच नाही!"

मानसीला आपण सकाळी नक्की किती वाजता आलो ते आत्ता कळलं, आणि ती खाली वाकून सांडलेल्या चिंध्या गोळा करू लागली.

उम्मेहानीच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं: बस, पाचच मिनिटं. दोन्ही वेळा तिनं हेच म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा नीलेश तासभर उंबऱ्यावर उभा होता. तिनं जीभ आवरली.

"अकरा तयार आहेत. बारावं नुसतं कापलंय. चाळीस मिनिटं लागतील, नीलेश. त्याच्या आत होणार नाही."

नीलेश बघतच राहिला. "खरंच चाळीस? का सांगायची म्हणून सांगताय?"

"चाळीसच."

"आक्षी असंच मागं सांगितलं असतं, तर मी घरी जाऊन जेवून तरी आलो असतो की." त्यानं अकरा कव्हरं उचलून जीपमध्ये टाकली. "ग्रुप दोनला येतोय. त्याआधी बारावं तितं पोचलं तर फुडच्या कामाचं माप देतो. न्हाई तर..." पुढचं त्यानं गाडीच्या आवाजात सांगितलं.

"रिक्षा काढू?" मोईननं विचारलं.

"काढा. वळवून ठेवा. आणि आत येऊ नका."

मानसीनं कापड ताणून धरलं. एक कड झाली, दुसरी झाली, आणि तिसरीवर सुई मोडली. नवी सुई बसवता बसवता उम्मेहानीनं डबा उघडला आणि फोन लावला.

"नीलेश, चाळीस नाही. पंचेचाळीस."

पलीकडे तो हसला. "व्हय, व्हय. पंचेचाळीस. दोनची वेळ मात्र विसरू नका."

तिनं फोन परत डब्यात टाकला. तिचा पाय मशिनच्या पॅडलवर पडला होता.