कलत्या धोंड्याची जागा

कडेगावच्या पूर्वेला उघड्या माळावर पंचवीस-तीस धोंडे गोल मांडलेले होते. कुणी मांडले, कवा मांडले, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात हरणाबाईच्या मेंढरांचा तळ तिथं पडला होता. तळावरच तिची दोन वर्षांची पारू अंगावर देवी येऊन दगावली. नवऱ्यानं, अर्जुनानं, एका कलत्या धोंड्याच्या पायथ्याला लेकीला पुरलं. पुन्हा येऊ तेव्हा जागा सापडावी म्हणून.

वर्षानं ते परत आले, तर माळावर एकही धोंडा उभा नव्हता. खडीच्या ढिगाजवळ मुकादम नानासो बसला होता.

"सडकेला गेलं सगळं," तो म्हणाला.

"आन् माझी पोर?"

"कसली पोर, बाई?"

हरणाबाईनं सांगितलं. नानासोची मान खाली गेली. "आमी नुसतं धोंडं काढलं. खाली कायबी उकरलं न्हाई. पर कलता धोंडा कुठला, त्ये आता कसं सांगू?"

धोंड्यांचे खड्डे मातीनं अर्धेमुर्धे बुजले होते, सगळे सारखेच. हरणाबाई खुरपं घेऊन पहिल्या खड्ड्यात उतरली. अर्जुनानं दिवसभर कुदळ मारली. दुसऱ्या दिवशी ओढ्याचं डबकं आटलं, दोन कोकरं मेली.

"हरणे, मेंढरं मरतील गं. चल."

"तुमी जावा. मी येत न्हाई."

तो गेला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी खुरपं खापरावर वाजलं. चपट्या दगडानं झाकलेलं काळं-तांबडं मडकं होतं. हरणाबाईनं दगड सारला. आत मातीत बारकी हाडं होती आणि हिरवं पडलेलं तांब्याचं एक कडं. एवढंसं, पारूच्या मनगटात बसलं असतं असं.

"आपली न्हवं ही," अर्जुना हळूच म्हणाला. "आपुन मडक्यात कुठं ठेवली? लय जुनं हाय."

तिनं एक हाड उचललं. बोटांतच त्याचा भुगा झाला. ती दचकून मागं सरली.

"हिचीबी आय आसंल की वं."

"कवाची? तिची मातीबी उरली नसंल."

हरणाबाईनं भुगा मडक्यात झाडला, दगड ठेवला, माती लोटली. अर्जुनाला तिच्याकडं बघवेना. त्यानं कुदळ उचलली. "आनखी चार खड्डं बघू. आज ऱ्हाऊ."

"नगं," ती म्हणाली. "आनखी कुणाची तरी निघंल."

मग ती पालथी पडून रडली. वर्षभरात अशी रडली नव्हती.

पहाटे त्यांनी मेंढरं हाकली. दिवस कलताना कुंडलच्या अलीकडं पाणी लागलं. मेंढरं तुटून पडली. अर्जुनानं तांब्या भरून आणला. हरणाबाईनं हात पुढं केले. पण नखं फुटून बोटं सुजली होती, ओंजळ जुळेना. मग त्यानंच तिची मान धरून तांब्या तिच्या तोंडाला लावला.