देवीचं हस्ताक्षर

सावरझरीच्या बंद पडलेल्या शाळेत त्या दुपारी जेवढी हजेरी होती, तेवढी मी तिथे शिकवत असताना अकरा वर्षांत कधी भरली नव्हती. दोनशे माणसं दाटीवाटीनं उभी होती, काही खिडकीच्या गजांना लटकली होती. समोर माझाच जुना फळा आणि फळ्यापुढे विभूतीनाथ महाराज.

"देवी आली आहे!" महाराज गरजले. "ती बोलत नाही. ती लिहिते!"

त्यांनी ओंजळभर राख फळ्यावर उधळली आणि फुंकर मारली. कोऱ्या काळ्या फळ्यावर पांढरट अक्षरं उमटली: 'इथे संसार नको'.

बायकांनी पदर डोक्यावर ओढले. कुणीतरी रडायला लागलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. याच फळ्यावर मी अकरा वर्षं 'जेवणाआधी हात धुवा' असं लिहिलं होतं. कुणी साष्टांग नमस्कार घातल्याचं आठवत नाही.

संसार कुणाचा, ते सांगतो. चिमूरकडच्या या आमच्या गावची शाळा पट कमी म्हणून बंद झाली. पोरं बसनं शेजारच्या गावी जाऊ लागली आणि चार खोल्यांत बकऱ्या राहू लागल्या. सरपंच रंजीताताई म्हणाल्या, "बकऱ्या राहू शकते, त मानसं काऊन नाई?" ग्रामसभेनं ठरवलं की ज्यांना छप्पर नाही अशा चौघांना एकेक खोली घर म्हणून द्यायची. पाडायचं काही नाही, फेकायचंही काही नाही. कौलं तीच, उतरवून, धुऊन पुन्हा चढवलेली. कौलांखाली बांबूची चटई, म्हणजे उन्हाळ्यात खोली भाजणार नाही. भिंतींना चुन्याचा गिलावा, बाकांच्या लाकडाच्या मांडण्या, न्हाणीचं पाणी मागच्या वांग्यांना. प्रत्येक घराला मागून नवं दार पाडलं होतं. कवाडं सुताराकडून यायची होती, तोवर तिथे बांबूचे तट्टे लावले होते.

फळ्याची खोली भागीरथाबाईंच्या वाट्याला आली होती. त्यांनी या शाळेत सतरा वर्षं खिचडी शिजवली. शाळा गेली तसं ते काम गेलं आणि गेल्या पावसाळ्यात त्यांचं मातीचं घरही बसलं. तेव्हापासून त्या दिराच्या गोठ्यात बैलांशेजारी झोपत होत्या.

महाराज दिवाळीनंतर आले आणि भैयाजींच्या ओसरीवर उतरले. भैयाजी म्हणजे गावातले वजनदार शेतकरी, मनानं भाबडे. महाराजांचं मूळ गाव कोणतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. महाराजांनाही दर वेळी नवीनच आठवायचं. त्यांना आश्रमासाठी जागा हवी होती. ताज्या गिलाव्याच्या चार खोल्या आधी त्यांना पसंत पडल्या, मग देवीला पडल्या.

"सोमवारी ग्रामसभेपुढे देवी शेवटचा हुकूम लिहील," त्यांनी जाहीर केलं. "तोवर आत कुणी पाऊल टाकलं, तर त्याचं तोंड वाकडं होईल!" आणि समोरच्या दाराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. मागचं दार त्यांच्या लक्षात आलं नाही. देवीनं सांगितलं नसावं.

गाव दोन दिवसांत फिरलं. भैयाजी मला चावडीपाशी गाठून म्हणाले, "गुरुजी, देवीच्या जाग्यावर भागीरथानं चूल मांडली अन् गावावर काई आलं त?"

"भैयाजी, सतरा वर्षं तिची चूल तिथंच पेटत होती."

"तवा देवी लिवत नव्हती ना!"



सोमवारी सकाळी हाडं गोठवणारी थंडी होती. भागीरथाबाई माझ्या दारात आल्या.

"गुरुजी, चला जी. देवीनं आधीच लिवून ठेवलं."

"तुम्ही आत गेला होतात?"

"झाडाले गेली होती. एवढी मानसं येनार, खोली झाडाले नोको? पाहा, माहं तोंड वाकडं झालं का?"

"नाही."

"मंग चला."

मागचा तट्टा सरकवून आम्ही आत गेलो. फळ्यावर राखेचा कण नव्हता, तरी पिवळट, जाडसर अक्षरं स्पष्ट दिसत होती: 'शाळा महाराजांना द्या'. मी बोट फिरवलं, ते बुळबुळीत झालं. भागीरथाबाईंनी वास घेतला.

"टोरीचं तेल."

मोहाच्या बियांना आमच्याकडे टोरी म्हणतात. तिचं तेल आम्ही डोक्याला लावतो, त्यात भजी तळतो, दुखरे गुडघे चोळतो. थंडीत ते तुपासारखं थिजतं. बाटली उन्हात ठेवल्याशिवाय इथल्या बायकांची वेणी होत नाही. महाराज बाहेरचे, त्यांना हे कुठून ठाऊक असणार? पहिल्या खेपेला त्यांनी भर दुपारी, लोक जमायच्या जरा आधी बोटानं लिहिलं असणार. पातळ तेल काळ्या फळ्यावर दिसलं नाही, आणि राख नेमकी तेलाला चिकटली. या खेपेला ते आदल्या संध्याकाळीच लिहून मोकळे झाले.

"चला, लोकांना आत्ता दाखवू," मी म्हणालो.

"नोको जी. मी सांगतलं, त म्हनतील घरासाठी बोलून राह्यली. तुमी सांगतलं, त म्हनतील गुरुजी देवाले मानत नाई. लोकं आपलं आयकत नाई, फळ्याचं आयकते."

त्यांनी राख आणि गरम पाण्याची चिंधी घेतली आणि खिचडीचं भगोनं घासावं तसा फळा घासला. महाराज कोपऱ्यात विसरून गेलेली तेलाची वाटी त्यांनी उन्हात ठेवली आणि तेल पातळ झाल्यावर ती घेऊन पुन्हा आत गेल्या. अक्षरं त्या याच शाळेत, आधणाला उकळी येईपर्यंत दाराशी बसून शिकल्या होत्या.

बारा वाजता कुलूप निघालं.

"देवी लिहील तेच होईल! मान्य?" महाराजांनी विचारलं.

"मान्य!" गाव ओरडलं. भागीरथाबाई वाटी पदराआड धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या.

महाराजांनी राख उधळली, फुंकर मारली आणि डोळे मिटून लोकांकडे वळले. "सरपंचबाई, वाचा! मोठ्यानं!"

रंजीताताईंनी वाचलं, "हे टोरीचं तेल आहे."

"पुन्हा!" महाराज डोळे मिटूनच म्हणाले.

"हे टोरीचं तेल आहे."

महाराज वळले. स्वतःच्या चमत्कारानं थक्क झालेला बाबा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

भागीरथाबाई पुढे झाल्या. सगळ्यांदेखत बोट तेलात बुडवून त्यांनी फळ्यावर आपलं नाव लिहिलं, वर राख फेकली. नाव उमटलं. मग त्यांनी वाटी फिरवली. भैयाजींनी वास घेतला, मग वाटी निरखून पाहिली.

"वाटी त माह्याच घरची आहे," ते म्हणाले. "महाराजाइले पायाले लावाले तेल देल्लं होतं."

"देवी कोणत्याही वस्तूतून प्रकट—"

"देवीले लिवाले तेल मी काऊन पुरवू, महाराज?"

महाराज तीनच्या बसनं गेले. अंतर्धान पावले असते, पण बस वेळेवर आली.

ठराव कायम झाला. सगळ्यात शेवटी हात वर केला तो भैयाजींनी. भागीरथाबाई खाली जमिनीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मलाही राहवलं नाही.

पण एक गोष्ट मला अजून टोचते. त्या पहिल्या दुपारी जमलेल्या दोनशे माणसांत टोरीचं तेल न वापरणारा एकही नव्हता. निम्म्यांच्या डोक्याला तेच होतं. तरी तो वास कुणाला आला नाही. मलाही नाही, आणि मी पोरांना विज्ञान शिकवायचो. आम्ही सगळे हात जोडण्यात गुंतलो होतो. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की आधी जवळ जा, बोट लावा, वास घ्या. कुणी अडवलं तर हटकून जा. आणि देव जर एखाद्या बाईचं घर काढून घ्या म्हणत असेल, तर ते घर नंतर कुणाला मिळणार आहे, एवढं एक विचारा.