कापलं तर चिंधी

कस्टमच्या राजलक्ष्मी मॅडमचा हात फाडलेल्या कपड्यांच्या गाठीत कोपरापर्यंत गेला आणि थांबला. बाहेर आला तेव्हा मुठीत लोकरीचं एक इवलंसं पिवळं स्वेटर होतं. पुढं बदकाच्या आकाराची बटणं. कुठंही पातं लागलेलं नव्हतं.

शेडमधल्या बायकांचे हात जागच्या जागी थबकले.

बारामतीच्या एमआयडीसीतल्या या शेडमध्ये परदेशातले जुने विणलेले कपडे गाठींनी येत. विळीसारख्या उभ्या पात्यांवर बायका ते ओढून फाडत आणि पुन्हा गाठी बांधत. फाडलं की कस्टमच्या लेखी ती चिंधी, तिचं पुन्हा सूत निघे. अखंड राहिलं तर तो कपडा, आणि जुना कपडा आणायचा परवाना मालकाकडं नव्हता.

"राहिलं आसंल एखादं, मॅडम," सुपरवायझर अविराज म्हणाला.

"उलटं करून, दोन जर्सींच्या मधे घडी घालून राहिलं?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "एक निघालं तरी मला सगळी गाठ कपड्यात धरावी लागेल. मग शेडला सील."

अविराज बायकांकडं वळला. "कुणाचा हात हाय? बोलंल तिचं काम जाईल. न्हाय बोललं तर समद्यांचं."

सारजानं शेजारच्या पात्यावरच्या निकिताकडं पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. काल ते स्वेटर निघालं तेव्हा प्रयागबाई हसली होती, "गोऱ्यांच्या पोरांनाबी बदकं लागत्यात व्हय गं?" सगळ्या हसल्या, एकटी निकिता सोडून. तिला सातवा महिना लागलेला. पहिलं लेकरू बारशाआधीच गेलेलं. सारजा आणि ती सांगवीहून एकाच वडापच्या जीपनं यायच्या. वाटेत खड्डा आला की निकिता दोन्ही हात पोटावर धरायची. कामगार विम्याच्या, ईएसआयच्या कार्डावर बाळंतपणाचा दवाखाना ठरलेला होता. काम गेलं की कार्डही जाणार.

सारजाची सासू मेंढरांमागं हिंडलेली. जात्यावर बसली की म्हणायची,

पहिलं गं अंगडं बाई, जगल्या गं लेकराचं
उसन्या आयुष्यानं जगो, बाळ माज्या उदराचं

लेकरू गेलेल्या आईनं पुढच्या बाळाला पहिलं अंगडं जगलेल्या लेकराचं घालायचं, आणि त्या अंगड्याला लोखंड लावायचं नसतं. हे सारजाला ठाऊक होतं, निकितालाही.

"म्या ठिवलं," सारजा म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. "का?"

"बाळाच्या अंगड्याला पातं लावत न्हाईत आमच्यात."

"मग हे काम कसं करता, मावशी?"

"मोठ्यांचं कापते की."

कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्वेटर सुलटं केलं, बाही सरळ केली, टेबलावर ठेवलं.

"ही गाठ मी अजून नोंदवलेली नाही. आत्ता माझ्यासमोर कापा. बाकीच्या गाठी फोडून दाखवा. सगळं कापलेलं निघालं तर चिंधी लिहीन."

निकिता पुढं सरली. "मावशे, ते म्या..."

"तू गप. जा, पाणी पिऊन ये."

"पण..."

"जा म्हनते न्हवं."

निकिता दाराबाहेर जाईपर्यंत सारजा थांबली. मग तिनं बटणं काढली, झोपलेल्या लेकराच्या अंगावरची काढावीत तशी, एकेक, हळू. स्वेटर पात्यावर धरलं. क्षणभर तिच्या हातांना ओढायचं कसं तेच आठवेना. सासूचा आवाज आला आणि गेला. तिनं डोळे मिटले आणि ओढलं.

बाकीच्या गाठी फुटल्या. नुसत्या चिंध्या. मॅडम सही करून गेल्या.

"मावशे, उद्यापासनं येऊ नगंस," अविराज खाली बघत म्हणाला.

"कळलं," सारजा म्हणाली.

निकिता बऱ्याच वेळानं परत आली तेव्हा टेबल रिकामं होतं. तिनं आधी टेबलाकडं पाहिलं, मग सारजाकडं.

"कापलं?"

प्रयागबाईनं मान फिरवली आणि एक जर्सी पात्यावर ओढली.

"न्हाय गं," सारजा म्हणाली. "पुराव्याला ठिवून घेतलं मॅडमनी. आख्खं."

निकितानं पोटावरून हात फिरवला आणि आपल्या पात्यापाशी जाऊन बसली. सारजानं मूठ पदराखाली घेतली. तिच्या बोटाला एक पिवळा धागा गुंडाळलेला होता. कितीही ओढून धरला तरी त्यातली विणीची वळणं जात नव्हती.