सवतीचा टाक

“गाडी काढतोस का मी एसटीनं जाऊ?” मुक्ताबाईने विचारलं, तेव्हा रविराजच्या तोंडात पहिलाच घास होता.

“आज नको आई. बँकेत आज गर्दी असंल. उद्या नक्की जाऊ.”

“उद्या आनून काय करू तिला? आज अविधवा नवमी हाय. तुझ्या आईचं पान आज वाढायचं, का तुला सवड झाली म्हंजी?”

रविराजने बायकोकडे पाहिलं. ज्योतीने भाकरी उलटायचं निमित्त करून मान फिरवली. नवराबायकोची ही नजरानजर मुक्ताबाईला बरोबर दिसली. मोतीबिंदू काढल्यापासून तिला जरा जास्तच दिसत होतं.

त्या मोतीबिंदूनेच सगळा घोळ केला होता. ऑपरेशनच्या दिवशी नर्स म्हणाली, अंगावर काही ठेवायचं नाही. तेव्हा मुक्ताबाईने गळ्यातला टाक काढला, रुमालात बांधला आणि लग्नापासून पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाकडे, ज्योतीकडे, दिला. ती दवाखान्यातून घरी आली तोवर रविराजने तिच्या पाटल्या, बोरमाळ आणि तो रुमाल, सगळंच नेवाशाला नेऊन बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेलं. रानातल्या वस्तीवर राहणाऱ्या माणसाला ते सुचणं काही चूक नव्हतं. पलीकडच्या वस्तीवर चोर शिरले, तेव्हा म्हातारीच्या कानातली फुलं पाळीसकट ओढून नेली त्यांनी. पाटल्या ने, बोरमाळ ने, मुक्ताबाईची कधीच ना नव्हती. पण टाक म्हणजे सोनं नव्हे. टाक म्हणजे रंगुबाई.

रंगुबाई ही मुक्ताबाईच्या नवऱ्याची, सूर्यभानची, पहिली बायको आणि रविराजची सख्खी आई. पोर रांगत असतानाच ती तापाने गेली. वर्षाच्या आत मुक्ताबाई या घरात आली. सासूने रीतीप्रमाणे सोनाराकडून बोटाच्या पेराएवढा सोन्याचा टाक करून आणला, त्यावर ठशाने उठवलेली बाईची आकृती, आणि तो मंगळसूत्राशेजारी हिच्या गळ्यात घातला. “ही थोरली. हिला इचारल्याबिगर काय करायचं न्हाई,” म्हणाली. नवी नवरी जळून खाक झाली होती तेव्हा. मेली ती मेली, वर माझ्या उरावर कशाला! पण रोज सकाळी देवांबरोबर तिला आंघोळ घालायची, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, बांगड्या आधी तिला लावायच्या. करता करता मुक्ताबाई तिच्याशी बोलायला लागली. आधी नुसती भांडायची. मग रविराजला गोवर निघाला, तो दहावीत आपटला, त्याचं लग्न जमलं, ते सगळं सगळ्यांच्या आधी थोरलीला कळत गेलं. “तुझं पोर बघ गं बाई, माझं ऐकत न्हाई.” मुक्ताबाईला स्वतःचं मूल झालं नाही. या पोरावर त्या दोघींनीच दिवस काढले.

आणि आता आषाढ गेला, श्रावण गेला, तरी रविराजचं आपलं एकच, आणतो, आणतो. पंचमीची नवी साडी मुक्ताबाईने घडीतच ठेवली होती. थोरलीला न दाखवता नेसायची कशी?

ती उठली आणि थेट जाऊन जीपमध्ये बसली. रविराजने ताट सारलं.

लॉकर दोघांच्या नावावर होता, पण किल्ली रविराजच्या खिशात. बँकेतल्या बाईंनी आपली किल्ली फिरवली आणि त्या बाहेर गेल्या. रविराजने डबा ओढून काढला. मुक्ताबाईचं लक्ष डब्यात. पाटल्या दिसल्या, बोरमाळ दिसली. प्लास्टिकच्या पाकिटात एक चकचकीत नाणं होतं. रुमाल नव्हता.

“टाक कुठंय?”

“त्यातच हाय, आई.”

“कशात?”

रविराजने पाकीट उचललं. “हे बघ, किडूकमिडूक सोनं ठेवायचं न्हाई म्हनतात, हारवतं. जुन्या सोन्यात खोट असती, डाग असतो. म्हनून टाक, माझी तुटकी अंगठी, ज्योतीचे डूल, सगळं एकत्र आटवलं आन् नाणं करून घेतलं. चोवीस कॅरेट. वर माझ्या पदरची भर घातली. तुझं गुंजभर कमी झालं न्हाई आई, उलट वाढलंय.”

मुक्ताबाईने पाकिटावर बोट ठेवलं.

“आटवलंस? तिला?”

“सोनं आटवलं, आई.”

“अरं मुडद्या!” तिचा आवाज त्या लोखंडी कपाटांवर आपटला. “नऊ महिने पोटात वागवलं तिनं तुला, आन् तू तिला मुशीत घातलंस? हात कसा धजला तुझा? अरं चोरानं नेली असती तर मी म्हनले असते, चोरच तो, त्याला काय ठावं! तुला ठावं नव्हतं व्हय रं?”

बँकेतल्या बाई धावत आल्या. “मावशी, हळू बोला. काही हरवलंय का? हरवलं असेल तर तसं सांगा.”

“काय हारवलं न्हाई बाई. तुमचं कपाट लई पक्कं हाय, चोराच्या बापाला फुटायचं न्हाई,” मुक्ताबाई म्हणाली. “आमच्या चोराकडं किल्लीच हाय.”

रविराजने मान खाली घालून डबा बंद केला. नाणं मात्र त्याने खिशात घातलं.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस माणसापेक्षा उंच झाला होता. रविराजनेच तोंड उघडलं. “मला कुनी कधी सांगितलं न्हाई आई, तुझं एवढं असतं त्यात.”

“रोज सकाळी तुझ्या डोळ्यांदेखत मी काय करत हुते? गोट्या खेळत हुते? आन् ठावं नव्हतं तर आषाढापासून तोंड का लपवत हुतास?”

ओढा ओलांडल्यावर तो म्हणाला, “नवा करू. आजच सांगतो सोनाराला. चांगला जड करू. तसाबी तिचा चेहरा थोडाच हुता त्यात? सगळ्या टाकांवर एकच ठसा मारत्यात.”

“थांबव गाडी.”

“आई…”

“थांबव म्हनते ना!”

गाडी उसाच्या कडेला थांबली. पण मुक्ताबाई उतरली नाही. तिला नुसतं स्थिर बसून बोलायचं होतं.

“तुझी आई मी पाह्यली न्हाई. तुला आठवत न्हाई. तिचा फोटू न्हाई घरात. मला ठावा हुता तो तेवढाच चेहरा. नाक झिजलं हुतं तिचं. माझ्या अंगठ्यानं झिजलं हुतं, रोज पुसून पुसून. ते नाक कुठला सोनार करून देनार हाय तुला? सांग की! जड करतो म्हने.”

रविराजने स्टिअरिंगवर हात ठेवून तोंड फिरवलं. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. रागाने तिला रडूही येत नव्हतं.

घरी सूर्यभान ओट्यावर वाट बघत बसला होता. “आली का थोरली?”

“इचारा तुमच्या लेकाला,” म्हणून मुक्ताबाई आत गेली.

पाट मांडलेला होता. पाटाभोवती ज्योतीने रांगोळी काढली होती. पानावर खीर, वडे, भाजी, सगळं वाढून तयार. शेजारी घडीतली साडी आणि हिरव्या बांगड्या. पाट तेवढा रिकामा होता.

“आत्या, तिच्या जागी सुपारी ठेवू का?” ज्योतीने हळूच विचारलं.

“सुपारी देवाला चालती.”

तेवढ्यात रविराज पाय धुऊन आत आला. त्याने खिशातलं पाकीट काढलं, नाणं बाहेर घेतलं आणि दोन्ही हातांनी पाटावर ठेवलं. नाण्यावर कमळात बसलेली लक्ष्मी होती.

“हिच्यातच हाय ना आई ती,” तो म्हणाला.

“ही लक्ष्मी हाय. उचल.”

त्याने उचललं. मुक्ताबाईने हळदीकुंकवाचं तबक हातात घेतलं, पण कुंकू लावायचं कुणाला? तबक तिने परत खाली ठेवलं. आतापर्यंत या घटकेला रविराज दरसाल टाकापुढे डोकं टेकवायचा. लहानपणी मुक्ताबाईच त्याची मान धरून वाकवायची. आजही तो सवयीने गुडघ्यांवर बसला आणि मग रिकाम्या पाटाकडे बघत तसाच राहिला.

मग तो वळला आणि मुक्ताबाईच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

तिने पाय साडीखाली ओढून घेतले.

“हे माझे पाय हायेत,” ती म्हणाली. “तिचे न्हाईत.”