मनकर्णेची जीभ

"काकू, हे दोन पेले. एक आपल्या इहिरीचं, एक इकतच्या कॅनचं. पेऊन सांग, गोड कोनतं?"

शेजारच्या बेबीताईनं पेले मनकर्णेपुढं विहिरीच्या काठावर ठेवले. भोवती वीसेक बाया हंडे टेकवून उभ्या होत्या. मनकर्णेनं पेल्यांकडे पाहिलं.

दर्यापूरकडच्या या खारपाणपट्ट्यातल्या गावात विहिरी पुष्कळ, पण पिण्याजोगी ही एकच. पावसाचं मुरलेलं गोड पाणी खाऱ्यावर सायीसारखं धरायचं, गाव ते वरच्यावर शेंदायचं, आणि शिमग्याच्या आसपास साय संपून खालचं खारं वर यायचं. तो दिवस ओळखायचा मान मनकर्णेचा. चाळीस वर्षं पहाटेची पहिली बादली तिच्या जिभेवरून जायची. पाणी फिरलं की ती तीनदा ओरडायची, "खारलं वं, पानी खारलं!" आणि बादली काठावर पालथी घालायची. मग सरपंचाच्या घरीही तिथलं थेंबभर पाणी प्यायला जात नसे. एरवी या विधवेला गावात विचारतो कोण? हळदीकुंकवाचं बोलावणंसुद्धा नवऱ्याबरोबरच गेलेलं. बाई त्या एका शब्दावर जगत होती.

यंदा पावसानं थट्टाच केली. जून-जुलै कोरडे गेले आणि ऑगस्टात दोन दिवसांत सगळा कोसळून, मुरायच्या आधीच पूर्णेला जाऊन मिळाला. साय पातळच धरली. त्यात दिवाळीतल्या तापानं मनकर्णेच्या तोंडाची चव गेली ती परत आलीच नाही. लोणचं आणि गूळ तिला सारखेच लागत होते. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. रोज घोट घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "गोड हाये." बायांना खारट लागायचं, पण मनकर्णा गोड म्हणते म्हणजे आपल्याच तोंडाला काहीतरी झालं, असं जी ती समजायची.

फक्त घरातली डाळ खोटं बोलेना. पौष लागला आणि कितीही शिट्ट्या दिल्या तरी डाळ टणक ती टणकच. सून प्रणाली म्हणाली, "आत्याबाई, पानी जड झालं वाट्टे."

"नाचता येईना अंगण वाकडं!" मनकर्णा शेजारणींपुढं कडाडली. "मायनं चूल शिकोली नाई, अन् पान्याले नावं ठेवून राहिली!"

महिनाभर हेच चाललं. मुलगा अमोल ताट ढकलून उठायचा आणि प्रणाली खाली मान घालून ऐकून घ्यायची. डाळ का शिजत नाही हे मनकर्णेला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही ती बोलत होती.

आज बायांपुढं तिनं पहिला पेला तोंडाला लावला, मग दुसरा. दोन्ही नुसतेच ओले. अंदाजानं तिनं दुसऱ्यावर बोट ठेवलं. "हे गोड. कॅनचं."

बेबीताई हसली आणि सगळ्याच हसायला लागल्या.

"कॅनचंच हाये वं, काकू! पन त्यात दोन चमचे मीठ हाये!" हसता हसता तिचा चेहरा बदलला. "तुह्या जिभेच्या भरोशावर महिनाभर आमी खारं पेलो. माही लेक सातव्या महिन्यात हाये. पाह्य तिचे पाय, खांबावानी सुजले."

"मीठ कोनं टाकलं?" मनकर्णेनं कसंबसं विचारलं.

गर्दीतून प्रणाली पुढं आली. तिनं पहिल्यांदाच सासूच्या डोळ्यांत डोळे घातले.

"म्या टाकलं, आत्याबाई. आता सांगा ह्यायच्यापुढं, डाय काहून शिजत नव्हती?"

मनकर्णेनं पेला काठावर ठेवला. बायांनी रिकामे हंडे उचलले आणि त्या सडकेवरच्या कॅनच्या गाडीकडे निघून गेल्या. प्रणालीही त्यांच्यातच गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मनकर्णा नेहमीच्या वेळी विहिरीवर आली. कुणीच नव्हतं. तिनं बादली शेंदली, घोट घेतला, डोळे मिटले. मग रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून तीनदा ओरडली, "खारलं वं, पानी खारलं!" आवाज तिसऱ्यांदा फाटला. तिनं उरलेलं पाणी ओतून दिलं, बादली काठावर पालथी घातली, पदरानं तिचं बूड पुसलं आणि घरी गेली.

दुपारी गावचा गुराखी भगवंत म्हशी घेऊन आला. त्यानं बादली सुलटी केली आणि म्हशींसाठी पाणी शेंदायला लागला.