आंबिलीचा मोगा

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या साली श्रावणात जगदेवी न्हाणीत घसरली आणि घोट्याचं हाड मोडून बसली. दसऱ्याला हाड जुळलं, पण बाजेवरून उठली की जमीन बैलगाडीसारखी डोलायची. उमरग्याच्या डॉक्टरनं प्लास्टर काढताना सांगितलं, "आजी, हाडाचं काम झालं. आता तोल तुम्ही आणायचा. हात न टेकता दहादा उठा-बसा, एका पायावर उभं राहा, रेघेवरून चाला."

परत येताना गाडीत तिचा मुलगा शिवशरण म्हणाला, "डॉक्टरचं काय जातंय? सत्तरीच्या आईला कवायत करायला लावली तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल. अव्वा, तू आपली निवांत बस."

निवांत बसणं काय असतं ते जगदेवीनं बघितलं होतं. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, रानाच्या पूजेच्या दिवशी, ताकातल्या आंबिलीचा मातीचा मोगा डोक्यावर घेऊन बांधावरून पूजेच्या कडब्याच्या कोपीपर्यंत न्यायचा, हा मान घरच्या थोरल्या बाईचा. तिच्या सासूनं एका साली "औंदा तू ने" म्हणून मोगा हाती दिला, घरी येऊन बाज धरली, ती पुढं सुटलीच न्हाय.

दुसऱ्या दिवशी झाडलोट करताना सून नीलम्मा अंगणात थबकली. दारापासून गोठ्यापर्यंत एक लांबलचक पांढरी रेघ होती.

"आत्या, ही कसली रांगोळी? ना फूल, ना पान."

"चालायची रांगोळी हाय. झाडू नकोस."

टाचेला अंगठा लावत जगदेवी रेघेवरून निघायची. रोज दोनदा पडता पडता भिंत धरायची आणि भिंतीलाच शिव्या द्यायची. एका पायावर उभी राहून आकडे मोजायची. आधी तीनवरच पाय टेकायचा. शेजारची शांताक्का गडग्यावरून बघत होती.

"जगदेवी, पोलिसात भरती व्हायचंय का गं?"

"व्हय. पहिली तुलाच धरून नेणार हाय."

दिवाळी सरली तेव्हा आकडा वीसवर गेला होता आणि डोक्यावर पाण्याची घागर आली होती. शिवशरणनं अंगणात बघायचंच सोडून दिलं.

अमावास्येला रानात नीलम्मानं मोग्यासाठी चुंबळ केली. ती जगदेवीनं तिच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. शिवशरण बांधाखालून दोन्ही हात पसरून चालू लागला, वासरू धरायला निघाल्यासारखा.

अंगण टणक होतं, पण बांध काळ्या मातीचा, आदल्या दिवशी पिकाला दिलेल्या पाण्यानं भिजलेला. हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. वळणावर पाय घोट्यापर्यंत रुतला. मोगा कलला, आंबील कपाळावरून नाकावर उतरली.

"अव्वा, दे इकडं."

"हात आवर तुझा."

ती एका पायावर उभी राहिली. आंबील ओठावर आली तशी चाटून घेतली. मनात मोजत तिनं सावकाश दुसरा पाय ओढून काढला. तेराव्या आकड्याला तो सुटला. मग टाचेला अंगठा लावत, नसलेल्या रेघेवरून ती कोपीपाशी पोचली आणि शिवशरणला म्हणाली, "उतरव आता. कवाचा हात पसरून मान मागतोयस."

जेवताना नीलम्मा हळूच म्हणाली, "आत्या, पुढल्या साली मी..."

"पुढल्या साली तू माझ्या मागनं चाल," जगदेवीनं शेंगा-पालेभाज्यांच्या पातळ भज्जीत भाकरी बुडवली. "उद्यापासनं रेघेवर ये. तुझाबी पाय लई वाकडा पडतोय."